मागून येणारे भावोजी

आमचे भावोजी म्हणजे नाकासमोर बघून चालणारा माणूस. आता त्यांच्या नाकासमोर जन्मभर कुणाची तरी पाठच असायची, त्याला ते तरी काय करणार. सायकलवरून सहली काढायच्या, हा त्यांचा आणि माझ्या ताईचा धंदा. शहरातली माणसं यायची, आमच्या पाणथळीच्या बांधांवरून आणि द्राक्षमळ्यांतून रमतगमत सायकल चालवायची, वाटेत मुक्काम करायची आणि मांड्या दुखत असल्या तरी खूश होऊन परत जायची. आमच्याकडे चढ औषधालाही नाही. वारा समोरून आला की तोच चढ. ताई सगळ्यांच्या पुढे, भावोजी सगळ्यांच्या मागे आणि सामानाची व्हॅन घेऊन मी डांबरी रस्त्यानं, अशी आमची वाटणी होती. लोक भावोजींना शेपूट म्हणायचे. आधी ताईच म्हणाली, मग सगळ्यांनी उचललं.

मागच्या माणसाचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. कुणालाही ओलांडायचं नाही. कुणी बगळ्याचा फोटो काढायला थांबलं की थांबायचं, बगळा उडेपर्यंत. चेन पडली की बसवायची, पंक्चर झालं की काढायचं, आणि ज्याचा दम गेलाय त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, म्हणजे त्याला लाज वाटत नाही. तोवर पुढची मंडळी पार दिसेनाशी व्हायची. म्हणून जिथं बांधाला फाटे फुटतात तिथं ताई वाकून खडूनं बाण काढायची. अशा प्रत्येक ठिकाणी पाणी सोडायचा सिमेंटचा दरवाजा असतोच, त्याच्या कट्ट्यावर. रात्रीच्या दवानं तो पुसला जायचा, पण तोवर भावोजी कधीच पुढे गेलेले असायचे. नवरा-बायको दिवसभरात एकदाही भेटायचे नाहीत. कुणी विचारलं तर ताई सांगायची, संसार टिकवायचा असेल तर मध्ये दोन मैलांचं अंतर ठेवा.

मागच्या थंडीत ताई गेली. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. तिला पोचवून आल्यावर मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. भावोजी शेडमध्ये गेले आणि एकेका सायकलच्या टायरात हवा भरू लागले. भर थंडीत, गिऱ्हाईक नसताना. पंपाचा आवाज संध्याकाळपर्यंत ऐकू येत होता. शेजारीण म्हणाली, काय माणूस आहे, डोळ्यांतून टिपूस नाही. मलाही त्यांचा राग आला. खरं तर मीही रडले नव्हते. हात अंगाखाली येऊन बधिर व्हावा, तसं आतून झालं होतं. चिमटा काढला तरी कळू नये. पण माझं मला चालत होतं, त्यांचं मला चालत नव्हतं. तिचा नवरा होता ना तो.

थंडी सरली तसं एक दिवस पावाला लोणी लावता लावता त्यांनी सांगितलं की एक सहल काढून बघू. नीट झाली तर हंगाम करू. नाही तर सायकली विकून ते शहरात भावाकडे राहायला जाणार. एवढं बोलून त्यांनी लोण्याच्या डब्याला झाकण लावलं. माझं लग्न झालेलं नाही, आई-बाबा कधीच गेले. ताईचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या घरात होतं, आणि ते घर म्हणजे आता भावोजी होते. ते गेले की दाराला कुलूप लागणार आणि माझ्याकडे एक व्हॅन उरणार.

पुढे कोण जाणार, हा प्रश्न होता. मी म्हटलं, कुणाला तरी ठेवू. तर भावोजी म्हणाले, मी जातो. मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांची पायाखालची वाट. मागे राहायला सायकलच्या दुकानातला मिस्त्री तयार झाला.

सहलीला एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, एक निवृत्त शाळामास्तरीण आणि एकाच कचेरीतली पाच-सहा मंडळी होती. डॉक्टर रमतगमत फिरायला आले होते, पण सारखे घड्याळ बघत होते. सकाळी भावोजींनी सायकल अंगणाबाहेर काढली, मागे वळून सगळे आहेत का बघितलं आणि निघाले. त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली असावी. खांदा एका बाजूला झुकलेला होता.

मी जेवणाच्या जागी जाऊन थांबले. द्राक्षमळ्याच्या मालकानं मांडवाखाली टेबलं मांडली होती. पाव, उकडलेली अंडी, सफरचंदं, सगळं झाकून ठेवलं. मालक पेले पुसून पुसून दमला. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला. तुमचे गृहस्थ उभे आहेत, म्हणाली. आजारी नाहीत, पडलेही नाहीत. नुसते उभे आहेत.

बांधावर व्हॅन जात नाही. मालकाची सायकल व्हॅनमध्ये टाकून, सकाळी मंडळी जिथून बांधावर चढली तिथवर मी रस्त्यानं गेले आणि त्यांच्या चाकांच्या खुणा बघत मागोमाग आत शिरले. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच लव्हाळी, मध्ये पाणी, पाण्यावर बदकं. बरंच आत गेल्यावर एका ठिकाणी बांधाला पहिल्यांदाच तीन फाटे फुटतात, तिन्ही सारखेच, तिळे भाऊ असावेत तसे. मंडळी उतारावर गवतात बसली होती. शाळामास्तरीणबाई दुर्बिणीतून पक्षी बघत मजेत होत्या. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. मिस्त्री मला बघून खांदे उडवून मोकळा झाला. आणि भावोजी पाण्याच्या दरवाजापाशी, सिमेंटच्या कोऱ्या कट्ट्याकडे बघत उभे होते.

"मला वाट माहीत नाही," ते म्हणाले.

मला आधी ते पटेचना. मग डोक्यात उजेड पडला. वाट शोधायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. फाटा आला की खाली बाण बघायचा आणि मान वर करून शेवटच्या माणसाचं मागचं चाक. कोण कुठल्या पायावर जोर देत होतं, कुणाची सीट खाली हवी होती, हे ते कधीच्या काळच्या लोकांबद्दलही सांगतील. पण वाट त्यांच्या पायाखाली होती तेवढीच, डोक्यात ती शिरलीच नव्हती. आणि हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी तर काय, व्हॅनवाली. मला डांबरी रस्ता सोडून काही ठाऊक नाही.

डॉक्टर म्हणाले, अहो, वाटाड्यालाच वाट दाखवायची का आता. बोलणं खरं होतं म्हणून मला जास्त झोंबलं. मी भावोजींना बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात चांगलंच फैलावर घेतलं. आधी सांगता येत नव्हतं का, म्हटलं. इथवर आल्यावर कळलं का तुम्हाला?

"सकाळीच माहीत होतं."

"मग पुढे आलात कशाला?"

त्यांनी कोऱ्या कट्ट्यावरची धूळ बोटानं पुसली.

"मी मागे असलो की ती पुढे असायची. दिवसभर दिसायची नाही, पण असायची. थंडीपासून माझं तसंच चाललंय. दिसत नाही, म्हणजे पुढे असेल. म्हटलं, एकदा पुढे जाऊन बघावं."

त्यांनी तिन्ही फाट्यांकडे एकदा बघितलं.

"पुढे कुणी नाही," ते म्हणाले. नळाला पाणी नाही, असं सांगावं तसं.

त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. निदान तशी मी स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात लव्हाळी कापणारा एक जण सपाट होडी ढकलत आला. त्यानं काठीनं डावीकडचा फाटा दाखवला. मी पुढे झाले, कारण कुणीतरी व्हायला हवं होतं. मळ्यात पोचल्यावर डॉक्टरांनी अंडी गार असल्याची तक्रार केली. उकडलेली अंडी याआधी यांनी गरम कुठे खाल्ली होती, देव जाणे.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरामागे भावोजी चेन पुसत बसले होते. मी जाऊन उभी राहिले. सहल नीट झाली नव्हती, हे सांगायला कुणी नको होतं. भावाकडे कधी जाणार, एवढंच विचारायचं माझ्या मनात होतं, आणि ते विचारायला जीभ रेटत नव्हती.

"पुढे तू जात जा," ते मान वर न करता म्हणाले. "मी मागे राहतो."

मी म्हटलं, मला वाट येत नाही. ते म्हणाले, शीक.

मी शिकले. होडीवाल्यांना, मळ्यांतल्या बायकांना विचारत विचारत, दोनदा चिखलात घुसून. मिस्त्री आता व्हॅन चालवतो आणि माझ्यापेक्षा बरी चालवतो. सायकली विकायचं नाव निघालेलं नाही, घराला कुलूप लागलेलं नाही, हंगाम चालू आहे. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं. फाटा आला की मी वाकून बाण काढते. मागून भावोजी येतात, खाली बघतात आणि त्या दिशेला वळतात. दिवसभर त्यांच्या पुढे कोण चाललेलं असतं ते मला माहीत आहे. ती मी नसते.

मुक्कामाला ते सगळ्यात शेवटी पोचतात. फाटकात मी उभी असते. मला बघून रोज त्यांचा चेहरा पडतो, आणि रोज ते सावरतात. म्हणजे ताई गेल्याची बातमी रोज संध्याकाळी मीच त्यांना देते, तोंडातून शब्द न काढता. मग मी विचारते, सगळे आले का.

"आले," ते म्हणतात, आणि सायकल भिंतीला टेकवतात.