फ्लेक्सवरचा सुजाताचा चेहरा

२००५ च्या आसपासची गोष्ट. सकाळी राजारामपुरीतल्या माझ्या स्टुडिओचं शटर उघडायला गेलो, तर पायरीवर गडमुडशिंगीचे कांबळेकाका बसलेले. एरवी लांबूनच हसून जयभीम घालणारा माणूस... त्या दिवशी मला बघताच उठून समोर आला.

"पोरीचा फोटो इकलासा व्हय?"

त्यांची सुजाता नर्सिंगला होती. महिन्यापूर्वी मी तिचा फोटो काढला होता. तिला विचारूनच शोकेसमध्ये लावायचं ठरवलं आणि मोठ्या प्रिंटसाठी सीडी एका फ्लेक्सवाल्याकडे दिली.

आता तोच फोटो स्टँडजवळ एका ब्युटी क्लिनिकच्या फ्लेक्सवर होता. तोही दोनदा! एकदा कॉम्प्युटरवर काळाकुट्ट करून, खाली 'आधी'. शेजारी पांढराफटक करून, खाली 'नंतर'...

माझे फोटो उचलले जाणं नवीन नव्हतं. जोतिबाच्या डोंगरावरचे फोटो कुणाच्या कॅलेंडरवर, मी काढलेली नवरी कुणाच्या पार्लरच्या बोर्डावर. दर वेळी जाऊन भांडायचं, आणि दर वेळी तेच ऐकायचं... "फोटोच हाय की, एवढं काय त्यात?" खरं सांगतो, कंटाळलो होतो.

फ्लेक्सवाल्यानं हात वर केले. गिऱ्हाईकानं चांगला चेहरा मागितला, त्यानं दिला. विषय संपला.

मग क्लिनिक. काका नको नको म्हणत होते, तरी सुजाता कॉलेज बुडवून आमच्याबरोबर आली.

आत गेल्या गेल्या मी सुरू केलं... माझा फोटो, माझी मेहनत, मला न विचारता वापरलात. मालकांनी लगेच माझ्यापुढे हात जोडले. "सॉरी साहेब, चुकलं. खाली तुमचं नाव टाकू."

"त्यास्नी काय सॉरी म्हणताय?" सुजाता पुढे झाली. "तोंड माझं हाय की! मी सावळीच हाय. त्यात दुरुस्त करायसारखं काय दिसलं तुम्हाला?"

ती मागे सरली नाही. फेशियलला बसलेली बाईसुद्धा मान वळवून बघायला लागली. मालकांनी मान खाली घालून तिची माफी मागितली.

मलाही कसंतरीच झालं. सकाळपासून मी 'माझा फोटो, माझा फोटो' करत होतो. तिला काय वाटतंय, हे एकदाही विचारलं नव्हतं...

संध्याकाळी फ्लेक्स उतरला. कुणाच्या गोठ्यावर ताडपत्रीसारखा पसरला जाऊ नये म्हणून काकांनी तो स्वतः गुंडाळून घरी नेला.

त्यानंतरही फोटो चोरीला गेलेच. आता भांडायला तेवढा दमही उरलेला नाही. पण जावंच लागलं, तर आधी फोटोतल्या माणसाला फोन करतो... तुम्हाला काय हवंय?

सुजाता, त्या दिवशी गडबडीत तुला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं बघ.