खर्डाजी मैदानात पधारतात

“मामा, पाय वर! पाय वर घ्या! तो खालून येतोय!”

मुरलीपुऱ्यातल्या गल्लीत माझी ई-रिक्षा नुकती थांबली होती. माझा उजवा पाय जयपूरच्या भूमीला लागायच्या बेतात होता, तो मी तसाच हवेत धरला. एक विटकरी रंगाचा गोळा रिक्षाच्या पोटाखाली शिरला, माझ्या चपलेला वारा घालून पलीकडे निघाला, कुणाच्या तरी खाटेवरून उडाला, उन्हात घातलेल्या रजईला वळसा मारून परत आला आणि माझ्या बॅगेवर चढून बसला. मी पाय हवेतच ठेवून रिक्षावाल्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, “खर्डाजी हैं. मोहल्ले में जो भी आता है, पहले ये देखते हैं.”

जयपुरात सगळ्यांना ‘जी’ लावतात हे ऐकून होतो. कुत्र्यालाही लावतात हे बघायला मला कराडहून इतक्या लांब यावं लागलं.

ओरडणारी मुलगी म्हणजे सई, माझी भाची. शहरातल्या सी-स्कीम भागात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, रेल्वेत मालगाडीचे गार्ड. बदलीवर जयपूरला आले आणि इथंच रुजले. आणि मी? मी काही हवामहल बघायला आलो नव्हतो. मला दाजींनी बोलावून घेतलं होतं, ते याच खर्डाजींना कराडला मळ्यावर घेऊन जायला.

कारण ऐका. खर्डा हा गल्लीतलाच कुत्रा. पिल्लू होता तेव्हा सईनं उचलून आणला. मोठा होताना त्यानं दाजींचे बूट खाल्ले, डबा खाल्ला, आणि शेवटी ड्यूटीचा हिरवा झेंडा खाल्ला. लाल तेवढा ठेवला. तेव्हापासून दाजींची मालगाडी थांबायची ती थांबायचीच, निघायचं नाव घ्यायची नाही. निम्म्या राजस्थानचं सिमेंट वाटेत अडकलं होतं म्हणतात. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण दाजींचा चेहरा पाहिला, त्यावरून माझा विश्वास बसला.

“पाव्हणं,” चहा पुढं करत दाजी म्हणाले, “रविवारी याची स्पर्धा हाय. न चुकता फेरी पुरी केली, तर राहील हितंच. चुकला, तर सोमवारच्या गाडीत तुमच्याबरोबर. ब्रेक व्हॅनमधी, गार्डाच्या डब्यात, कुत्र्याची पेटी सांगून ठेवलीय.”

“पप्पा, मतलब एकच चान्स?” सई म्हणाली.

“गाडीला सिग्नल किती येळा दाखवत्यात?”

सईनं खर्डाला जवळ ओढलं. मी बशीतला चहा प्यायलो. जल्लाद म्हणून पाहुणचार घ्यायची माझी ही पहिलीच वेळ, पण चहा आलं घातलेला होता.

इतक्यात ताई कुंकवाचं ताट घेऊन आतून आली. इतक्या वर्षांनी भाऊ घरी आला म्हणून ओवाळायला. तिनं पाट मांडला आणि मी उठेपर्यंत खर्डा त्यावर जाऊन बसलासुद्धा. ताठ. डोळे मिटून.

“ऊठ मेल्या, आज मामा आलाय,” ताई म्हणाली. तो नाइलाजानं सरकला. कुत्र्यालाही इथं केवढे संस्कार, म्हणून मी कौतुक केलं आणि विषय सोडून दिला.

आता कुणी विचारील, इतक्या वर्षांनी का? तर भाऊबीजेला ताई दरसाल बोलावते. पण दिवाळीला आमच्याकडे ऊसतोड तोंडावर आलेली असते. टोळी येणार, टोळी येणार, म्हणता म्हणता सण निघून जातो. ओवाळणी मी मोबाईलवरून पाठवतो. हल्ली सगळेच पाठवतात.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी सईनं मला तालीम दाखवली. या खेळाला ॲजिलिटी म्हणतात. म्हणजे कुत्र्यानं अडथळ्यांची शर्यत पळायची. काठीवरून उडी, बोगद्यातून पार, उतरत्या छपरासारख्या फळीवर चढउतार, मग रांगेत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी. माणूस बाजूनं पळतो आणि बोट दाखवतो. हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही, आणि कुत्र्यानं दोरीबाहेर पाऊल टाकलं की बाद. परदेशात यासाठी मेंढ्या वळणारी खानदानी कुत्री पाळतात म्हणे. सईकडे शेजारचा रिकामा प्लॉट होता. बोगदा होता पाण्याच्या फुटक्या टाकीचा, काठ्या मच्छरदाणीच्या, आणि उडी मारायला ताईचं लाटणं दोन विटांच्या थरांवर आडवं ठेवलेलं.

“पळ!” सई म्हणाली.

पुढे जे झालं ते सांगितलं तर कराडात मला खोटारडा म्हणतील, म्हणून निम्मंच सांगतो. खर्डा टाकीत शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज अजून आतच होता. काठ्यांमधून असा गेला की काठ्याच वाकल्यासारख्या वाटल्या. लाटण्यावरून इतका उंच उडाला की वरून जाणाऱ्या कबुतरानं त्याला वाट दिली.

“मामा, जमेल ना त्याला?” सईनं विचारलं. धापा टाकत होती. डोळे मात्र माझ्या बॅगेकडे. बॅगेच्या कप्प्यातून दाजींनी दिलेली नवी दोरी डोकावत होती.

“का नाही जमणार!” मी म्हणालो आणि दोरी आत ढकलली.

शनिवारी सई सराव म्हणून आम्हा दोघांना चारदीवारीत घेऊन गेली. चारदीवारी म्हणजे तटाच्या आतलं जुनं शहर. तिथं गर्दीत जो कुत्रा बिथरत नाही, तो कुठंच बिथरत नाही, असं तिचं शास्त्र. लाखेच्या बांगड्यांच्या गल्लीत एका रांगेत स्कूटर लावलेल्या होत्या. खर्डानं त्यांच्यामधून अशी नागमोडी घेतली की शेगडीवर लाख तापवत बसलेले म्हातारे कारागीर हातातली बांगडी विसरले. ती लांबत लांबत कमरपट्ट्याएवढी झाली.

“भाईसा, किस रियासत से हैं ये?” त्यांनी मला विचारलं.

“कराड,” मी छाती काढून म्हणालो. कुत्रा मुरलीपुऱ्याच्या उकिरड्यावरचा होता, पण रियासतीचा प्रश्न होता.

पुढच्या चौकात प्याज की कचोरी (कांद्याचं सारण भरलेली, आपल्या पुरीला उभ्या जन्मात जमणार नाही एवढी फुगलेली) खाल्ली. म्हणजे मी एक खाल्ली. दुसरीला हात घालायला जातो तो पानावर नुसता चटणीचा डाग. खर्डा हवेल्यांच्या खिडक्या बघत होता, एखाद्या अभ्यासू पर्यटकासारखा. दुकानदारानं मला तिसरी दिली. “नहीं नहीं” म्हणालो तर चौथी दिली. याला इथं मनुहार (पाहुणा शरण येईपर्यंत केलेला आग्रह) म्हणतात. मी शरण आलो.

रविवार उजाडला. स्पर्धा सीकर रोडवरच्या एका फार्महाऊसच्या हिरवळीवर होती. तिथं जमलेली कुत्री बघून मला माझ्या कपड्यांची लाज वाटली. एकाला पंख्यानं वाळवत होते. एकीचा वेगळा सोफा होता. मेंढ्या वळणाऱ्या जातीचा एक काळापांढरा कुत्रा तर असा बघत होता, जणू आम्हा सगळ्यांना एका कोपऱ्यात गोळा करून गेट लावून टाकील. आणि त्यांच्यामध्ये आमचा खर्डा, गळ्यात ताईच्या जुन्या पैठणीच्या काठाचा पट्टा.

पंच म्हणून एक ठाकुरसाहेब होते. त्यांच्या मिशांवर दोन पोपट सहज बसले असते. आवाज मात्र लोण्यासारखा. एका कुत्र्यानं बोगद्यात शिरायच्या ऐवजी पाय वर करून त्याला पवित्र केलं, तरी ठाकुरसाहेब म्हणाले, “कोई बात नहीं हुकुम, आराम से.” हुकुम म्हणजे इथला अदबीचा ‘साहेब’, तो कुत्र्यालाही. आमच्याकडे त्या कुत्र्याच्या सात पिढ्यांची आठवण निघाली असती.

दाजी ड्यूटीवरून थेट आले होते, गणवेशातच. हातात नवा कोरा हिरवा झेंडा. ताई खुर्चीच्या कडेला बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“श्री खर्डाजी, मैदान में पधारें!” पुकारा झाला.

सईनं बोट दाखवलं. खर्डा सुटला.

पहिली उडी. दुसरी. बोगदा, आत गेला आणि बाहेर आला यांच्यामध्ये वेळच नव्हता. फळीवर चढला, उतरताना पिवळ्या पट्ट्यावर पाऊल ठेवायचं असतं, बरोब्बर ठेवलं. लोक बोलायचे थांबले. पंख्याखालच्या कुत्र्याचा पंखा कुणीतरी बंद केला. काठ्या आल्या. डावी, उजवी, डावी, उजवी. सई पळत होती, रडत होती, हसत होती, सगळं एकदम. दाजी उभे राहिले. त्यांच्या नकळत झेंडा वर गेला होता. मला शप्पथ घालून विचारा, मी ओरडत नव्हतो. माझा घसा दुसऱ्या दिवशी बसला तो जयपूरच्या थंडीनं.

आता एकच उडी. शेवटची. लाटण्याहून दोन बोटंच उंच असेल.

आणि गेटवर शहनाई वाजली.

प्रमुख पाहुणे उशिरा आले होते, संगमरवराचे कुणी मोठे व्यापारी. त्यांच्या स्वागताला पिवळ्या ओढणीतली एक बाई पुढं झाली. हातात ताट. ताटात कुंकू, अक्षता, आणि पेटलेलं निरांजन.

खर्डा उडी घ्यायला उठलेला होता. मी सांगतो, तो हवेत थांबला. हवेतच वळला. मग शांतपणे, धावतसुद्धा नाही, चालत, दोरीखालून बाहेर पडला, गर्दीतून वाट काढत गेला आणि संगमरवरवाल्यांच्या पुढं, ताटासमोर, ताठ बसला. डोळे मिटले. कपाळ पुढं केलं.

“खर्डा!” सईची हाक आली, पण ती हाक मारून मारून संपलेली होती.

पिवळ्या ओढणीतल्या बाईनं पाहुण्यांकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही इथली रीत. तिनं खर्डाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि रीतसर ओवाळलं. खर्डानं डोळे उघडले. उठला, सईच्या पिशवीकडे गेला, आपला चेंडू तोंडात धरून आणला आणि ताटात टाकला. लाळेनं निरांजन विझलं.

संगमरवरवाले आपल्या पाळीची वाट बघत मागं उभे होते.

ठाकुरसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. “खर्डाजी,” ते म्हणाले, “आप बाहर पधार गए, हुकुम.”

बाद.

दाजींनी झेंड्याची गुंडाळी केली. परतताना गाडीत मधेच दाजी म्हणाले, “ताटात चेंडू टाकायला याला शिकवलं कुणी?” सई म्हणाली, “मी नाही, पप्पा. मला तर माहीतच नव्हतं.” ताई खिडकीबाहेर बघत होती. कपाळाला कुंकू लावलेला खर्डा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता.

“ठरलं ते ठरलं,” दाजी म्हणाले, पण रस्त्याकडे बघून.

आता मी कराडला परत आलो आहे. एकटाच. भेटेल तो विचारतो, कुत्रा कुठाय? बायकोला मी सांगितलं, रेल्वेच्या पेटीत त्याची उडी मावेना. पारावर सांगितलं, ठाकुरसाहेबांनी राजवाड्याच्या पहाऱ्यासाठी ठेवून घेतला. ऊसतोडीच्या मुकादमाला सांगितलं, चित्रपटात घेतला. प्रवासानं माणसाची दृष्टी विशाल होते म्हणतात. माझं म्हणाल तर कॅलेंडर बघायची सवय लागली आहे. दिवाळीचं पान मी आधीच दुमडून ठेवलं आहे, आणि टोळीला सांगितलं आहे, त्या आठवड्यात ऊस उभा राहिला तरी चालेल.

कारण सोमवारी गाडी सुटली, तेव्हा ती नवी दोरी दाजींच्या हातात होती. दोरीच्या टोकाला खर्डा बसला होता. दाजी मला हिरवा झेंडा दाखवत होते आणि सई डोळे पुसत दोन्ही हात हलवत होती. ब्रेक व्हॅनमधली पेटी रिकामी गेली. दाजींनी दोरी माझ्या हातातून काढून घेतली ती मी गाडीत बसता बसता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलेल्या एका प्रश्नामुळं.

“ताई,” मी म्हणालो होतो, “या कुत्र्याला ओवाळून घ्यायची सवय लागली तरी कशी गं?”

ताई माझ्या पिशवीत दशम्या भरत होती. तिनं मान वर केली नाही.

“दरसाल पाट मांडते,” ती म्हणाली. “ह्यो येऊन बसतो.”