तालमीतल्या चित्राची किंमत

ते चित्र आठवलं की आजही डोकं तापतं.

जिंतूर तालुक्यातल्या एका तालमीत कुस्तीचं जुनं तैलचित्र होतं. एका ड्रॉईंग मास्तरांनी आखाड्यालगत बसून काढलेलं, खाली त्यातल्या दोन्ही पैलवानांच्या सह्या. तालमीच्या वस्तादांनी मोबाईलवर फोटो पाठवला, तेव्हा खेळाच्या जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं चांगली किंमत सांगितली. चित्र हाती पडल्यावर मात्र तिथल्या तज्ज्ञांनी कळवलं, "हे ते चित्र नव्हे. रंग ताजा आहे, सह्या नाहीत."

वस्ताद तणतणत ठाण्यात आले. चित्र आठ दिवस फ्रेमवाल्याकडे होतं, त्यानंच बदललं, असा जबाब दिला. मी नववीत शाळा सोडून कोकणातून आलेला, शिपाई म्हणून लागून सहायक फौजदार झालेला माणूस. चित्रातलं मला काय कळणार? वरून विचारणा होईल या धास्तीनं फ्रेमवाल्याला भर बाजारातून उचलून आणलं.

"खरं चित्र कुठंय?"

"साहेब, मी काच बसवली अन् चार खिळे मारले. आईची शपथ!"

दुपारपर्यंत हेच. शेवटी ठाण्यातला चहावाला पेला ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, त्या चित्राला रंग द्यायला आमच्या गल्लीतला बोर्ड रंगवणारा गेलता की!"

वस्तादांना पुन्हा बोलावलं. "चित्राला रंग दिला होता?"

"दिला की! फ्रेमला टाकायच्या आधी. मारुतीला आमी दर शनिवारी शेंदूर लावताव. पैलवान पार फिके पडलेले, असं कळकट पाठवायचं का मुंबईला? त्या गिचमिड सह्याबी झाकल्या, वर झोकात नावं लिहून घेतली."

"मग जबाबात का नाही सांगितलं?"

"तुमी चोरीचं इचारलं, साहेब. रंगाचं कुठं इचारलं?"

मी पेन खाली ठेवलं. तज्ज्ञांना फोन केला. मूळ रंग, चित्रकाराचा हात आणि पैलवानांच्या सह्या, किंमत त्यांचीच होती, हे त्यांनी माझ्यासारख्याला न हसता समजावलं. त्यांचे उपकार मानतो.

फ्रेमवाल्याला सोडलं, माफी मागितली. तो म्हणाला, "दोन गिऱ्हाइकं लग्नाचे फोटो माघारी घेऊन गेली, साहेब. ठाण्यात नेलेल्या माणसाकडं ठेवायला भेतेत."

चोराच्या मागे लागण्याआधी तक्रारदारानं स्वतः काय केलं ते विचारावं, एवढं साधं कळायला माझी नोकरीतली इतकी वर्षं गेली होती. पुढच्या बाजाराला मी वर्दीत त्याच्या दुकानाच्या दारातच स्टूल टाकून बसलो, पोलिसांचा याच्यावर संशय नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. संध्याकाळपर्यंत एकच बाई आली, देवाची तसबीर ठेवून गेली.

"साहेब," फ्रेमवाला हळूच म्हणाला, "उद्याबी या."