मांसाची कागदपत्रं

उरणजवळ द्रोणागिरीच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मी घरी सांगितलं, कंपनी फ्रोझन फूड परदेशी पाठवते. हे खोटं नव्हतं. आईने त्याचा अर्थ वाटाणे आणि मक्याचे दाणे असा घेतला आणि मी तो दुरुस्त केला नाही. २००९ साल होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. पनवेलला खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहत होतो.

आमच्याकडे आठवड्यातून तीन-चार दिवस मासे, रविवारी मटण आणि संकष्टीला साधं जेवण असायचं. वसुबारसेला एक माणूस कॉलनीच्या गेटाशी गाय-वासरू घेऊन उभा राहायचा. आई उपास धरून त्यांची पूजा करायची. अशा घरात नोकरी लागल्या लागल्या ‘मी मांसाची कागदपत्रं करते’ असं सांगणं मला जमलं नाही. नंतर सांगू म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

माल म्हशीचा आणि रेड्याचा असे. हाडं काढून, गोठवून, तपकिरी खोक्यांत भरून तो बंदरावर जाई. परदेशात त्याला सरसकट बीफ म्हणत. प्रत्येक कंटेनरमागे जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, हलालचा दाखला, खोक्यांची यादी असे कागद लागत. एक अक्षर चुकलं तरी पलीकडच्या बंदरात माल अडकायचा. पहिल्या महिन्यात तुकड्यांची नावं माझ्या डोक्यात राहीनात. मला शिकवायला ज्यांना बसवलं होतं ते उरणचे कोकणी मुसलमान, साठीला आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. वीस वर्षं त्यांनी कुवेतला एका मोठ्या दुकानात मांस कापलं होतं.

“नावं पाठ करू नकोस, बेटी,” ते म्हणाले. “समोरचा माणूस काय जेवायला बसलाय ते बघ. मग आपोआप कळतं.”

आणि ते सांगत. व्हिएतनामी माणूस सकाळीच तांदळाच्या शेवयांचं सूप पितो, त्यात मांसाचे कागदासारखे पातळ काप टाकतो, म्हणून त्याला अमुक तुकडा हवा. मलेशियात नारळाच्या दुधात तासन् तास आटवतात, तिथे चिवट मांसही चालतं. इजिप्तला कलेजी जास्त जाते, ती तव्यावर परतून पावात घालून रस्त्यावर विकतात. कुवेतच्या दुकानात स्थानिक लोक मेंढीचं मांस घेत. बीफच्या काउंटरवर मल्याळी, फिलिपिनो, मिसरी म्हणजे इजिप्तचे लोक, अशी रांग असे. मल्याळी खोबऱ्याचे काप घालून काळंभोर परततो, फिलिपिनो व्हिनेगरमध्ये शिजवतो. चाचा हे सगळं डब्यातला वरण-भात खाता खाता सांगत. त्यांना युरिक अॅसिडचा त्रास होता. “जिंदगीभर कापलं,” ते म्हणायचे, “आता डॉक्टरनं कागदावर आणून ठेवलंय.”

२०११च्या डिसेंबरात आईची जुनी मैत्रीण इस्रायलहून तीन आठवड्यांसाठी आली आणि आमच्याकडेच उतरली. पूर्वी आम्ही पनवेल गावातल्या चाळीत राहायचो, तिथे तिचं बिऱ्हाड आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. ते लोक बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. मी सहावीत असताना ती नवऱ्याबरोबर तिकडे कायमची गेली. मी तिला मावशी म्हणायची. केस पांढरे झाले होते, बोलणं मात्र चाळीतलंच राहिलं होतं. उलट आम्ही आता बोलत नाही असे शब्द तिच्या तोंडून येत.

पहिल्या रविवारी आईने मटणाचा बेत ठरवला. मावशीने तिचा हात धरून थांबवलं.

“मला नाही गं चालायचं. आमच्या माणसाने कापलेलं लागतं. पूर्वी सिनेगॉगमध्ये कोणी तरी असायचं.”

“मग पापलेट आणते,” आई म्हणाली. “कोळंबी तुला चालत नाही, ते आहे माझ्या लक्षात.”

मावशीने पापलेटाची नारळाच्या दुधातली कढी केली आणि आम्ही तिघी ओट्यापाशीच जेवलो. जेवताना आईने विचारलं, तिकडे काय खाता. मावशी म्हणाली, तिकडे बीफच जास्त.

आईचा घास हातातच राहिला. “तू खातेस?”

“खाते. पण लगेच नाही खाल्लं.” मग तिने सांगितलं. गेल्या गेल्या तिला अश्दोदमध्ये एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर मोठं पातेलं ठेवलं, त्यात बीफ. इथे त्यांच्या घरात ते कधी शिजलं नव्हतं. धर्माने मनाई नव्हती. तिची आई म्हणायची, ज्यांच्या घरी आपण हळदीकुंकवाला जातो त्यांना ते चालत नाही, तर आपल्यालाही नको. तिकडे शेजारीही वेगळे आणि हळदीकुंकूही नाही, पण तिचा हात धजेना. तीन वर्षं तिने रोज ते शिजवलं आणि चव दुसऱ्या बाईला घ्यायला लावली. आश्रमात रुमानियाहून आलेली एक आजी होती. तिने एकदा जेवण सोडलं. कोणी तरी जेवणात औषध घालतं असा तिला संशय. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती मावशीला म्हणाली, तू माझ्यासमोर खा, मग मी खाते.

“मग काय करणार?” मावशी म्हणाली. “खाल्लं. ती पण जेवली.”

“कसं लागलं?” आईने विचारलं.

“नुसतं उकडलेलं होतं. तिखट नाही, मसाला नाही. आपल्या रश्शात असतं तर मला मटणच वाटलं असतं. खोलीवर येऊन रडले थोडी. पण दुसऱ्या दिवशी परत खाल्लं, कारण आजी बसली होती वाट बघत.”

मग मावशी माझ्याकडे वळली. “तुझी कंपनी काय पाठवते म्हणालीस?”

“फ्रोझन फूड,” आईच म्हणाली. “वाटाणे वगैरे.”

त्या क्षणी गप्प बसणं मला शक्य होतं. पण समोरची बाई एवढं सांगून बसली होती. मी म्हणाले, “वाटाणे नाहीत. म्हशीचं मांस आहे.”

आई उठली, हात धुतला आणि गॅसवर काही नसताना गॅस बंद आहे का ते बघून आली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी डबा मात्र ओट्यावर तयार होता. तिसऱ्या दिवशी चपात्या लाटताना, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, “गाय नाही ना?”

“नाही. गायीचं पाठवताच येत नाही. कायदा आहे.”

“तू हात लावतेस?”

“फक्त कागदांना.”

“मग दोन वर्षं का नाही बोललीस? मी सगळ्या बिल्डिंगला वाटाणे सांगत बसले.”



पुढच्या गुरुवारी मावशीला उरणच्या एका ओळखीच्या घरी जायचं होतं. आई म्हणाली, वाटेत तुझं ऑफिस बघू. मी चाचांना आधी सांगून ठेवलं. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मग आई म्हणाली, माल बघायचा आहे. मी आणि चाचांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी दोघींना जाड कोट घालून कोल्ड स्टोरेजच्या दाराशी नेलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांमधून पांढरी वाफ बाहेर येत होती आणि आत छतापर्यंत खोकीच खोकी होती. रक्त नव्हतं, वास नव्हता. आई दोन मिनिटं बघत राहिली.

“इथे तर काहीच दिसत नाही,” ती म्हणाली. तिला बरं वाटलं की ती निराश झाली, मला कळलं नाही.

चहाला परत बसलो तेव्हा चाचा आणि मावशी सुरीवर बोलू लागले. तुमच्यात सुरी कशी असते, धार कशी तपासतात, कापण्याआधी काय म्हणतात. मावशी म्हणाली, आमच्यात सुरी नखाने तपासतात, जरा खाच लागली तरी ते मांस बाद. चाचांनी मान डोलावली. “धार पाहिजेच. जनावराला तकलीफ होता कामा नये.” दोघांचं बरंचसं सारखं निघालं. आई मध्ये बसून एकदा चाचांकडे, एकदा मावशीकडे बघत होती. मग तिने चाचांना विचारलं, “तुम्ही खाता?”

“डॉक्टरनं बंद केलंय, ताई.”

“आमच्या ह्यांनाही मटण बंद केलं होतं,” आई म्हणाली. “ऐकलं नाही त्यांनी.” बाबांबद्दल ती परक्या माणसाशी सहसा बोलत नसे. चाचांनी विचारलं, किती वर्षं झाली, आणि मग ते दोघं पथ्यावर बोलत राहिले.

मावशी परत गेली. आईने त्यानंतर माझ्या कामाचा विषय टाळला नाही, उकरलाही नाही. वसुबारसेला ती पूर्वीसारखीच गेटाशी जायची. २०१५ साली राज्यात बैल कापण्यावरही बंदी आली तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांत वाद झाला. आईने त्यांना म्हैस, गाय आणि बैल यांतला कायद्याचा फरक व्यवस्थित समजावून दिला. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. चाचा त्याच वर्षी निवृत्त झाले आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं.

मी आणखी दोन वर्षं तिथे होते. माझ्या जागी आलेली मुलगी पेणची होती. तिला मी तुकड्यांची नावं शिकवली, त्यांतून कोण काय शिजवतं तेही सांगितलं. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही कधी खाल्लंत?”

“नाही.”

“का?”

मी विचार केला. धर्म असं म्हणावं तर मी कुठलाच उपास करत नव्हते. आईची भीतीही उरली नव्हती. एवढ्या वर्षांत कोणी समोर ताट ठेवून खा म्हटलं नव्हतं, आणि मी स्वतःहून कुठे गेले नव्हते. मी तिला तेवढंच सांगितलं. ती बरं म्हणाली आणि मलेशियाचा दाखला टाइप करायला लागली.