जानकीवैनीची डोळे मिटणारी गाडी

डिचोलीत सगळ्यात हट्टी माणूस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी आमच्या शेजारच्या जानकीवैनीचं नाव घेईन. दुसरं नाव आठवायला मला वेळ लागेल. मी धाकू, म्हापसा-पेडणे बसवर कंडक्टर. दिवसभर हट्टी माणसांशीच माझी गाठ असते, तेव्हा माझ्या शब्दाला थोडी तरी किंमत द्या.

वैनीचा घोव, म्हणजे नवरा, सदाशिव एका खाणमालकाचा ड्रायव्हर. मालक खाण विकून परदेशी गेला तेव्हा आपली जुनी अमेरिकन गाडी सदाशिवला देऊन गेला. अहो, केवढी ती गाडी! पडवीपेक्षा लांब, स्टेअरिंग डाव्या बाजूला, आणि पुढे बघावं तर दिवेच नाहीत. दिवे होते, पण पत्र्याच्या झाकणांमागे लपलेले. बटण ओढलं की झाकणं वर जायची आणि गाडी डोळे उघडायची. सदाशिव ती वरातींना न्यायचा. पुढे तो तापाचं निमित्त होऊन गेला. वैनीनं गाडीची चावी कमरेला खोवली ती कायमची. खाणीच्या रस्त्यावर सदाशिवनंच तिला गाडी शिकवली होती. तिनं लायसन काढलं आणि वराती स्वतः न्यायला लागली.

विधवा बाई नवरीची गाडी हाकते म्हटल्यावर लोक काय काय बोलले ते इथे सांगत नाही. आजही माझं डोकं फिरतं.

त्यात एका साली दसऱ्यानंतर गाडीनं नवीनच नाटक सुरू केलं. सपाट रस्त्यावर सगळं ठीक, पण चढाव लागला की आधी एक झाकण हळूहळू खाली यायचं, मग दुसरं. म्हापशातल्या एका वरातीत हेच झालं आणि नवरीची आत्या मोठ्यानं म्हणाली, "गाडयेकसुद्धा बघवना नाय!" तेव्हापासून वैनीला कोणी बोलावेना.

तिचा मोठा दीर पांडुरंग म्हणे, दिष्ट लागली. दर शनिवारी तो गाडीला नवीन लिंबू-मिरची बांधायचा, आणि त्याच दमात वास्कोच्या भंगारवाल्याचा निरोप सांगायचा. मिस्त्री म्हणाला, झाकणं तारेनं कायमची वर बांधून टाकूया.

"माझ्या गाडयेचे डोळे बांधतंस? आधी तुझे बांधू काय?" वैनीनं त्याला अंगणातून पिटाळलं.

मग ती स्वतःच मागे लागली. इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीवर झाकणं हलतात, एवढं सदाशिवनं तिला सांगितलं होतं. पुढच्या जाळीआड, बाजूला, एक पत्र्याचा डबा असतो. चढावावर इंजिनाची ओढ कमी पडली तर डब्यात साठलेल्या ओढीवर झाकणं टिकतात. म्हणजे ओढ कुठेतरी गळत होती. वैनी एकेक रबरी नळी सोडवायची, दुसरं टोक बोटानं दाबून, तोंडात धरून हवा ओढायची आणि टोकाला जीभ लावायची. जीभ चिकटून राहिली तर नळी चांगली. शेजारणी कुंपणावरून फिदीफिदी हसायच्या. वैनी तोंडात नळी तशीच ठेवून त्यांना हातवारे करायची, त्यांचा अर्थ मी सांगणार नाही. नळ्या सगळ्या चांगल्या निघाल्या. पत्र्याच्या डब्याला काय होणार, म्हणून तो कोणी बघितलाच नाही.

अशात पेडण्याचे कापडवाले कृष्णनाथ आले. त्यांची मुलगी वत्सला हटून बसली होती, वरातीला तीच गाडी हवी.

"गाडी होयी," कृष्णनाथ चाचरत म्हणाले, "पण ती डोळे मिटता म्हणतत. आणि तू..."

"मी विधवा. म्हणा की!" वैनी म्हणाली. "तुमच्या घराच्या चढावार गाडयेन एक जरी डोळो मिटल्यान, तर चावी भावजींच्या हातात. त्यांनी ती खुशाल भंगारात घालूची. नाय मिटल्यान, तर गाडी मीच हाकतलंय."

पांडुरंगानं मला साक्षी ठेवलं.

वरातीच्या दिवशी सकाळी वैनीनं गाडी गरम करून इंजिन बंद केलं. पांडुरंग लिंबापुढे अगरबत्ती ओवाळायला लागला. धूर वर जायचा सोडून बारीक धाग्यासारखा जाळीच्या आत वळला आणि लिंबू टांगलेल्या स्क्रूच्या बुडाशी नाहीसा झाला. वैनीनं वाकून कान लावला. आत सूंऽऽ आवाज येत होता.

"भावजी, हो स्क्रू कोणी मारलो?"

"मीया. दसऱ्याक. लिंबू टांगूक. थंय एक रिकामो डबो होतो, त्याका मारलंय."

वैनी आधी हसली, मग अशी तापली की मी दोन पावलं मागे सरलो. "दिष्ट काढूक गेलात आणि माझ्या गाडयेचे डोळे फोडलात! महिनोन् महिने मी लोकांची बोलणी खातंय ती ह्या लिंबापायी!" तिनं लिंबू तोडून परसात भिरकावलं, स्क्रू काढला आणि भोकावर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ डकवलं.

संध्याकाळी कृष्णनाथांच्या अंगणात सगळं वऱ्हाड चढावाकडे डोळे लावून उभं होतं, साक्षीदार म्हणून मीही. बाजूला म्हापशाहून आणलेली टॅक्सी तयारच होती. खालच्या वळणावर दोन दिवे दिसले. इंजिन घरघरत चढायला लागलं. अर्ध्या चढावावर इंजिनाचा आवाज जड झाला. पण दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून गाडी अंगणात आली.

तरी नवरीची आई रुक्मिणी पुढे झाली. "गाडी बरी असा गो. पण हाकूक टॅक्सीवालो बसांदे."

वैनीनं जागेवरूनच बटण आत ढकललं. गाडीनं डोळे मिटले. बायका "शिव शिव" करत मागे सरल्या. तिनं बटण ओढलं, डोळे उघडले.

"मिटतत ते माझ्या हातान, उघडतत ते माझ्या हातान. माझ्या गाडयेन शब्द पाळल्यान. आता तुमी पाळा."

कृष्णनाथांनी मान खाली घातली आणि टॅक्सी परत पाठवली. बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, पुढे अबोलीची माळ घातली. मग तबक एकेका बाईपुढे फिरलं, वैनीपर्यंत आलं आणि तसंच मागे वळलं. मला असा संताप आला!

वैनी गाडीतून उतरली. गाडीची अबोली तिनं सोडवली, हातभर तोडून घेतली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या केसांत माळली. उरलेली परत गाडीला बांधली.

"बस गो वत्सला," दार उघडून ती म्हणाली, "घोव वाट बघता."