पडद्यातली गुठळी

मेहरूण भागात माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी पोरगी कोणाशी धड बोलत नाही. मी दिलेला बिबडीचा, म्हणजे ज्वारीच्या पापडाचा, तुकडासुद्धा उजेडाला धरून बघते, मगच खाते. धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायला ती प्लॅस्टिकचा पातळ पडदा बनवते. त्यात बारीक छिद्रांची पूड मिसळते. पूड एका जागी गोळा झाली की कडेने फट राहते आणि सगळेच वायू निसटतात.

परवा तिच्या पडद्यात मधोमध गुठळी निघाली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सरांना पडदा दाखवला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

मी म्हटलं, "अवं, इतलीशी गुठळी कोनले दिसी?"

"सरांना नाही दिसणार, अक्का. वायूला सापडेल."

तिने पडदा कात्रीने कापून टाकला.

काम गेलं. मला ती अजूनही फारशी आवडत नाही. पण बोदवडला लेकीकडे जाताना घराची किल्ली आता मी तिच्याकडे ठेवते.