पितळेला कच्चा टाका

माझे सासरे पस्तीस वर्षं एका कचेरीत टंकलेखक होते. तेवढ्या काळात बोटांना शाईखेरीज काही म्हणून लागलं नाही. मग निवृत्त झाले आणि बिघडले. जिन्याखालच्या खोलीत धातू कातायचं हातभर लांबीचं जुनं लेथ मशीन आलं आणि त्यामागोमाग भंगारातलं पितळ आणि ब्राँझ यायला लागलं. गळके नळ, बंद पडलेल्या पंपांचे व्हॉल्व्ह, कुठल्याशा बोटीच्या खिडकीची गोल चौकट. भंगारवाला त्यांना शेठ म्हणायचा, गल्लीने त्याचं भंगारशेठ करून टाकलं. त्यांना ते आवडतं, हे विशेष.

खिशात कायम लोहचुंबक. मागच्या वर्षी माझ्या माहेरी गेले, तर चहा येईपर्यंत त्यांनी घरातल्या प्रत्येक कडीला चुंबक लावून पाहिलं. चिकटलं की लोखंड, लगेच तोंड वाकडं. नाही चिकटलं की स्वारी खूश. माझ्या वडिलांनी मला आत बोलावून हळूच विचारलं, की व्याह्यांची तब्येत बरी आहे ना. मी काय सांगणार, कपाळ! आणि लेथवरून उडालेला तो पितळेचा कीस. मोज्यांत सापडतो, उशीवर सापडतो, एकदा तर माझ्या चहात सापडला. मी आवाज चढवला तर म्हणाले, रंग किती सुंदर आहे बघ. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्या चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतायत. खिडकीशी त्यांचं मशीन, त्याला नंतर मोटर बसवलेली, आणि त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. गेल्या हिवाळ्यात पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठ्याला पकड काही येईना. शिवताना प्रत्येक वळणावर सुईजवळचं पाऊल, म्हणजे कापड दाबून धरणारा तो भाग, उचलावा लागतो. त्याचा खटका मागच्या बाजूला, आणि तो उजव्या हाताने वर करायचा. डावा हात कापड सांभाळण्यात गुंतलेला. आठ दिवस त्यांनी धडपड केली. नवव्या दिवशी मशीनवर चादर टाकली आणि ते विकायचं म्हणून सांगून टाकलं. गिऱ्हाईकही स्वतःच शोधलं. रविवारी सकाळी दहाला माणूस येणार होता.

मला स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं. मशीन गेल्यावर या बाई दिवसभर करणार काय? टीव्ही लावला तरी त्या पडद्यावरच्या बाईच्या कोटाची शिवण तपासतात.

सासरे बुधवारी जिन्याखाली शिरले ते जेवायला तेवढे बाहेर यायचे. मी डोकावले तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की मशीनखाली एक दांडी बसवायची. गुडघ्याने ती बाजूला सारली की तार ओढली जाणार आणि पाऊल वर उचललं जाणार. हाताचं कामच नाही. दांडी एका व्हॉल्व्हच्या पितळी सळईची होती. ती जिच्यात फिरणार ती नळी त्यांनी पंपातल्या ब्राँझमधून कातून काढली होती. मला ते सगळं इतकं पटलं की कीस दिसत असूनही मी गप्प बसले.

शनिवारी दुपारी सगळं अडलं. दांडीला तीन सांधे होते, अगदी जवळजवळ. सासऱ्यांनी पहिला सोल्डर केला, दुसऱ्याला गॅसच्या टॉर्चची ज्योत लावली आणि पहिला सुटून खाली पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. पितळ उष्णता भराभर पुढे नेतं, आधीच्या सांध्याला ओलं फडकं गुंडाळावं, हे मला त्यांनीच शंभरदा ऐकवलेलं. पण तुकडा एवढासा, की फडकं गुंडाळलं तर नवा सांधाच तापेना. चौथ्या वेळी त्यांनी टॉर्च बंद केला आणि स्टुलावर बसून राहिले.

दारात सासूबाई उभ्या होत्या. पदराला कीस लागतो म्हणून त्या या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"अहो, एक बाही पक्की शिवून मग दुसरी कुणी लावतं का?" त्या म्हणाल्या. "आधी सगळ्याला कच्चा टाका घाला. मग पक्कं एकदाच."

"पितळेला कच्चा टाका कशाने घालू?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फळीवरची बारीक लोखंडी तार घेतली आणि स्टूल रिकामं करायला लावलं. तुकडे डाव्या हाताने धरले आणि उजव्याने तार गुंडाळायला लागल्या. अंगठा दोनदा घसरला. सासरे मदतीला पुढे झाले, तर राहू द्या म्हणाल्या. पाव तास लागला. तीनही सांधे मात्र जागच्या जागी बसले. मग सासऱ्यांनी सगळ्याला एकदमच ज्योत दिली, आणि वितळलेलं सोल्डर तिन्ही फटींत सरसर शिरलं. तार कापली, काहीही पडलं नाही.

संध्याकाळी दांडी मशीनला लागली. सासूबाईंनी नुसतं पाहिलं आणि झोपायला गेल्या.

रविवारी नऊला चादर निघाली. सासूबाई बसल्या, गुडघा सारला, पाऊल वर. जुन्या कापडाचा तुकडा घेऊन त्यांनी एक शिवण मारली, कोपऱ्यावर वळवली, पुढे नेली. शिवण सपशेल तिरकी गेली होती. मला दिसलं, सासऱ्यांना दिसलं, आणि आम्ही दोघंही छताकडे बघायला लागलो. सासूबाईंनी ती उसवली आणि पुन्हा घातली. पुन्हा उसवली. तासभर हेच चाललं होतं, तोच बेल वाजली.

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"त्यांना सांगा, मशीन कामात आहे."

मी उठेपर्यंत सासरे दारापाशी पोचलेसुद्धा. दारात आलेल्या माणसाला इतक्या आनंदाने नाही म्हणताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.